चटई वाढली, घर आटले

मुंबईत घरे इतकी महाग का, या प्रश्नावर बांधकाम व्यावसायिकांचे उत्तर ठरलेले असते : चटई क्षेत्र निर्देशांक वाढवा, भाव आपोआप उतरतील. यात तथ्यांश जरूर आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहरात १.३३ आणि उपनगरांत बहुतांशी १ एवढाच निर्देशांक ठेवला. म्हणजे शहरातील हजार चौरस मीटर भूखंडावर बांधकाम १,३३० चौरस मीटर. समुद्राने वेढलेल्या नगरीत मजल्यांनाही वेसण घातली, तर टंचाई अटळच.

परंतु हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे गिरणगावात पाहावे. त्याच नियमावलीच्या ५८व्या कलमानुसार गिरण्यांची जमीन सार्वजनिक मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक यांच्यात ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागली जायची होती. २००१मध्ये तत्कालीन काँग्रेस आघाडी सरकारने हा नियम बदलला. वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीची, असे ठरले आणि जनतेचा वाटा आक्रसला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. वैध ठरला, न्याय्य ठरला काय?

आज तेथे उत्तुंग मनोरे उभे आहेत. पण चाळीच्या ज्या मजल्यावर दहा बाय दहाच्या खोल्यांत पंधरा-वीस बिऱ्हाडे नांदत, तेवढ्याच जागेत मनोऱ्यातील एक-दोन कुटुंबे राहतात. चटई क्षेत्र वाढणे म्हणजे अधिक माणसांना निवारा मिळणे नव्हे, हा त्याचा अर्थ. माग चालविणाऱ्याचा नातू आज बदलापूर-विरारहून लोकल पकडतो. त्यातच अतिरिक्त निर्देशांक अधिमूल्य घेऊन विकला जातो. ज्या शासनाने भाव रोखायचे, त्याच्याच तिजोरीला चढ्या भावाची गोडी लागते.

म्हणून वाढीव निर्देशांक द्यावा. पण तो लहान घरांच्या अटीवर, रेल्वे स्थानकांच्या परिसरात, आणि पाणी, मलनिस्सारण व क्रीडांगणे यांची तजवीज करूनच. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या अंत्योदयाच्या विचारात योजनेचे माप शेवटचा माणूस हेच आहे. नगररचनेला ते माप का लावू नये?

हा प्रश्न केवळ चौरस फुटांचा नाही. चाळ उठली की तिच्याबरोबर गणेशोत्सव, व्यायामशाळा, सायंशाखेचे मैदान आणि शेजारधर्मही उठतो. समाज संघटित करावयाचा, तर आधी त्याला एकत्र राहण्यास जागा हवी.