आधी वापरणाऱ्याला पाहा



पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. पूर्वी येथे शेती होती. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारला आणि गावाचे रूप पालटले. आज येथील मोठमोठ्या इमारतींत हजारो तरुण-तरुणी संगणकासाठी आज्ञावली लिहितात. बँका, दुकाने, दवाखाने अशा अनेकांची कामे या आज्ञावलींवर चालतात.

तुमच्यापैकी अनेकांना अशा ठिकाणी काम करावेसे वाटते. त्यासाठी गणित हवे, इंग्रजी हवे, संगणकाचे ज्ञान हवे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण माझ्या मते आणखी एक गोष्ट तितकीच गरजेची आहे. ती म्हणजे दुसऱ्याची अडचण पाहण्याची नजर.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत आहात. तेथे नावासाठी तीन चौकटी आहेत : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पण आपल्यातील कितीतरी घरांत आडनाव लावण्याची पद्धतच नाही. मग तेथे काय लिहायचे? काही जण वडिलांचेच नाव पुन्हा लिहितात, काही जण नुसती टिंबे देतात. पुढे शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि अर्जावरील नाव जुळत नाही. कधीकधी या गोंधळात शेवटची तारीखही निघून जाते.

अशा वेळी घरातील मोठी माणसे म्हणतात, ‘‘आम्हांला यातले काही कळत नाही.’’ मला हे पटत नाही. येथे दोष त्यांचा नाही. ज्याने अर्ज तयार केला, त्याने सर्वांची नावे आपल्यासारखीच असतील असे धरून चालले. त्याने वेगवेगळ्या घरांतील चार माणसांकडून तो अर्ज आधी भरून घेतला असता, तर ही चूक त्याला पहिल्याच दिवशी दिसली असती.

या कामाला ‘युझर रिसर्च’ म्हणतात. आपण त्याला ‘वापरणाऱ्यांचा अभ्यास’ म्हणू. त्याची रीत सोपी आहे. वस्तू वापरणाऱ्या माणसाला समोर बसवावे. त्याला एक काम सांगावे आणि आपण गप्प बसावे. त्याचे बोट कोठे थांबते, तो कोणता शब्द दोनदा वाचतो, कोठे चुकतो, हे टिपून घ्यावे. नुसते ‘‘आवडले का?’’ असे विचारून भागत नाही. भिडेखातर माणूस ‘‘छान आहे’’ म्हणतो आणि अडचण तशीच राहते. यासाठी शेकडो माणसे लागतात असेही नाही. पाच माणसांकडे नीट पाहिले तरी बहुतेक अडचणी समजतात, असे डेन्मार्कचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिले होते.

ही रीत संकेतस्थळांपेक्षा जुनी आहे. घरातील कॅल्क्युलेटर आणि फोन शेजारी ठेवून पाहा. कॅल्क्युलेटरवर सात, आठ, नऊ वरच्या ओळीत असतात, तर फोनवर एक, दोन, तीन. असे का? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने बटणांच्या अनेक रचना तयार केल्या आणि लोकांना प्रत्यक्ष क्रमांक दाबायला लावले. किती वेळ लागतो, किती चुका होतात आणि लोकांना काय आवडते, हे तपासले. मग १९६३ साली बटणांचा फोन लोकांच्या हाती आला. फोनवरील आकड्यांची ती रचना आजही टिकून आहे.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. मोबाईलवर मराठी लिहिणे पूर्वी अनेकांना जड जाई. काना, मात्रा, वेलांटी शोधण्यातच वेळ जाई. मुंबईत पवई येथे आय. आय. टी. ही संस्था आहे. तेथील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार केला. तो २०१३ साली लोकांना मिळाला. त्यात अक्षरे शाळेत शिकवतात त्याच क्रमाने, क-ख-ग अशी, मांडली आहेत. ‘क’वर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते आणि त्यात का, कि, की, कु अशी रूपे दिसतात. मराठी वाचणाऱ्याला जे आधीच येते, त्याचाच येथे उपयोग केला आहे.

काही जण म्हणतील, ‘‘या अभ्यासात वेळ आणि पैसा जातो.’’ जातो, हे खरे आहे. पण कागदावरील चूक खोडरबराने पुसता येते. लाखो लोकांच्या मोबाईलवर पोहोचलेली चूक दुरुस्त करणे फार महाग पडते. आणि ज्याची शिष्यवृत्ती बुडाली, त्याचे नुकसान कोण भरून देणार?

मित्रांनो, तुमच्याजवळ एक गोष्ट आहे, जी अनेकांजवळ नसते. तुम्ही रोज दोन दिशांनी वाचता. मराठीचे पान डावीकडून सुरू होते, उर्दूचे उजवीकडून. मराठीत ‘पुढे’ जाण्याचा बाण उजवीकडे असतो, तर उर्दूत तो डावीकडे हवा. जो एकच लिपी जाणतो, त्याच्या हे लक्षातही येणार नाही. तुमच्या मात्र लगेच लक्षात येईल. सगळे लोक आपल्यासारखे नसतात, हा या कामाचा पहिला धडा तुम्ही वर्गातच शिकला आहात.

आज घरी गेल्यावर दादी किंवा नानी यांच्या हाती मोबाईल द्या. एखाद्या नातेवाइकाला फोटो पाठवायला सांगा. त्या अडल्या तर फोन हिसकावून घेऊ नका, हसू तर मुळीच नका. त्या कोठे अडल्या ते वहीत लिहा आणि तेथे काय बदलायला हवे, याचा विचार करा. उद्या तुम्ही हिंजवडीत काम करा किंवा आपल्याच गावात दुकान चालवा, ही सवय तुमच्या कामी येईल.