कियान म्हणजे किती?

दहावीला संस्कृतात बरे मार्क पडले तर पुढं आयुष्यात काय काय भोगावं लागतं, याची कल्पना शाळेत कुणी देत नाही. मी संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी आणि सोडलं ते कॉमर्ससाठी. गेली वीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागं बसून लोकांच्या सह्या जुळवतो आहे. पण नात्यागोत्यात मी अजून 'संस्कृतवाला'च. कुणाकडं पाळणा हलला की मला फोन येतो. जन्माला आलेलं मूल कुणाचंही असो, त्याच्या नावाला बाप म्हणून मी हवा!

गेल्या वर्षी मेहुण्याला मुलगा झाला. जन्म मृगाच्या चौथ्या चरणावर, म्हणजे अक्षर 'की'. मी मनात म्हटलं, सुटलो. पुढचं नक्षत्र आर्द्रा, आणि तिच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आहे 'ङ'. तिथं भलेभले पंडित आडवे होतात. 'की' त्या मानानं सोपं. किरण, किशोर, कीर्तिकुमार... मी यादी सुरू केली, तसा मेहुणा हसला. दगडी पाटी घेऊन शाळेत निघालेल्या मुलाकडं बघून हसावं तसा.

"भावोजी, ही नावं कॉमन आहेत. आम्हाला रेअर हवंय. रेअर आणि प्युअर संस्कृत."

मग त्यानं मोबाईल पुढं केला. नाव : कियान. मूळ : संस्कृत. अर्थ : ईश्वराची कृपा. प्रसार : दुर्मिळ. गाडीचं मायलेज, रंग आणि किंमत द्यावी तसा सगळा मामला.

आता जे सांगतो ते कृपा करून मेहुण्याच्या कानावर जाऊ देऊ नका. संस्कृतात 'कियत्' नावाचं एक सर्वनाम आहे. त्याचं पुल्लिंगी, प्रथमेचं एकवचन होतं 'कियान्'. आणि त्याचा अर्थ होतो : केवढा? किती? मुलुंड पूर्वेच्या एका सुखवस्तू फ्लॅटमध्ये, चांदीच्या वाटीतली घुटी चाटत पडलेल्या त्या निष्पाप जीवाचं नाव शुद्ध संस्कृतात 'किती?' असं ठरत होतं. हा शब्द मी रोज शंभरदा उच्चारतो. "काढायचे किती? भरायचे किती? सुटे किती?" पण त्यात ईश्वराची कृपा मला कधी जाणवली नाही.

नाव वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. फारसीत ते चांगलं खानदानी आहे. इराणच्या जुन्या कयानी राजांचं ते घराणं. फिरदौसीच्या शाहनाम्यात हे राजे भेटतात. तसं सांगून ठेवा ना! मी स्वतः गुलाबदाणी घेऊन दारात उभा राहतो. 'शहाजी' या नावातला 'शाह' फारसीच आहे. त्यानं मराठी माणसाचं काही बिघडलं नाही, उलट पुढं फार चांगलं झालं. माझं भांडण त्या 'मूळ : संस्कृत' या शिक्क्याशी आहे. आमच्याकडं कुणी असा शिक्का मारला तर त्याला आम्ही बनावट दस्तऐवज म्हणतो आणि पोलिसांत जातो. नावाच्या बाबतीत मात्र पेढे वाटतात.

हाच प्रकार 'रेयांश'चा. विष्णूच्या किरणाचा अंश म्हणे. संस्कृतात किरणाला रश्मी आहे, मयूख आहे, अंशू आहे. यातला 'रे' मला फक्त इंग्रजीत किरण म्हणून भेटला आहे. संस्कृतात 'रे' आहे, पण ते हाक मारायचं अव्यय आहे, आणि तेही फारसं आदराचं नव्हे. म्हणजे अर्थ लावायचाच तर 'अरे ए, अंशा!' एवढाच लागतो.

बरं, ज्या संस्कृतासाठी हा आटापिटा, त्या संस्कृताचं स्वतःचं म्हणणं काय? पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीलाच, व्याकरण कशासाठी शिकायचं याची कारणं देताना, मुलाचं नाव ठेवता यावं हेही एक कारण दिलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच त्याला आमचा मेहुणा दिसला असावा. अटीही घातल्या आहेत. पहिलं अक्षर ग, द, ब असं घोष हवं. मध्ये य, र, ल, व यांपैकी काही हवं. अक्षरं दोन किंवा चार हवीत. आणि नाव बापाच्या वरच्या तीन पिढ्यांतल्या कुणाचं तरी हवं. दुर्मिळ हवं, असं कुठंही म्हटलेलं नाही. कियानचा 'क' अघोष, म्हणजे पहिल्या पेपरात नापास. अक्षरं तीन, म्हणजे तिसऱ्यातही. मधल्या 'य'चा एक पेपर तेवढा सुटला.

आणि अर्थाचं म्हणाल, तर ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या बापाचे तीन मुलगे आहेत : शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ एकच, कुत्र्याचं शेपूट! मधल्याला तर बापानं शंभर गाईंना विकला. पण तो मोठा झाला आणि ऋग्वेदातल्या सूक्तांचा द्रष्टा म्हणून राहिला. इतकं प्युअर आणि इतकं रेअर नाव कुणाला हवं असेल तर माझ्याकडं तीन शिल्लक आहेत.

अर्थ नावात नसतो, माणूस तो मागाहून भरतो. धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा अर्थ काय? धोंडा. वाईट नजर लागू नये, मूल जगावं म्हणून आपल्याकडं धोंडू आणि दगडू ठेवीत. त्या नावांत ईश्वराची कृपा लिहिलेली नसे, मागितलेली असे. कर्वे एकशेचार वर्षं जगले आणि शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न झाले. तेंडुलकरांच्या घरी १९७३ साली मुलाचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. सचिनचा अर्थ काय, असं स्टेडियममध्ये कधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि दुर्मिळपणाचं तर बोलूच नका. आमच्या वर्गात चार अमित होते. अमित म्हणजे ज्याचं मोजमाप नाही असा. मास्तर रोज हजेरीला मोजत असत. अमोल तीन होते, त्यांना एकमेकांमुळं काही मोल उरलं नव्हतं. त्यांच्या आईबापांनीही एके काळी जगावेगळं म्हणूनच ते नाव निवडलं असणार. दुर्मिळ नावाची एकच खोड आहे. ते सगळ्यांना एकाच वेळी सापडतं.

भोगायला मात्र लागतं मुलाला. कियानचं इंग्रजी स्पेलिंग एक 'ए' घालून होतं, दोन घालून होतं, 'वाय' घालून होतं आणि गाळूनही होतं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, अंकशास्त्रवाल्यानं सुचवलेलं तिसरं. मग वीस वर्षांनी आधारवरचा आणि पॅनवरचा मुलगा एकच आहे हे पटवायला तो माझ्या काउंटरवर प्रतिज्ञापत्र घेऊन उभा राहतो. शिवाय आपल्याकडं नाव एका पिढीवर थांबत नाही, पुढच्या पिढीत ते मधलं नाव होतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना तर सरकारी कागदावर आधी आईचं, मग बापाचं आणि मग आडनाव लावायचं आहे. म्हणजे आजचं तुमचं 'रेअर' तुमच्या नातवंडांनाही जन्मभर लिहायचं आहे. घाई कशाला? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि वर्षभरात नाव फुकट घालता येतं. ते वर्ष कुणा जाणत्याला विचारण्यात घालवा.

मेहुण्याला मी हे सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे सासरे, म्हणजे अण्णा, कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "'कि'वरून किसनही येतं."

किसन हे त्यांच्या वडिलांचं नाव. लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. त्यांच्या नावाची हाक तळमजल्यावरून मारली तर तिसऱ्या मजल्यावरचे तीन किसन बाहेर येत, असं अण्णा सांगतात. आणि किसन म्हणजे तरी कोण? कृष्णच की! शतकानुशतकं लोकांनी जिभेवर घोळवून घोळवून गुळगुळीत केलेलं संस्कृत. पतंजलीच्या अक्षरांच्या परीक्षेत तेही नापास होईल, पण तीन पिढ्यांच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क घेईल.

"अण्णा, ते जुनं झालं," सूनबाई गोड आवाजात म्हणाली. अण्णा गप्प बसले. आणि मी, संस्कृतवाला, मीही गप्प बसलो. आज इथं एवढा आवाज करतो आहे, तो त्या दिवशीचा आहे.

बारसं झालं. माझी बायको आत्या, तिनं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. मग अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरा अर्थ काय हो त्याचा?"

खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. म्हटलं, "केवढा!"

त्यांना तो अर्थ फार आवडला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते नातवाला मांडीवर घेतात आणि त्याच्या मुठी उघडून बघत म्हणतात, "केवढा झालास रे! केवढा!"

साऱ्या घरात त्या मुलाला शुद्ध संस्कृत अर्थानं हाक मारणारे ते एकटेच आहेत.