चावडी आणि चव्हाटा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मूलच्या, ब्रह्मपुरीच्या किंवा वडशाच्या बाजारपेठेतून एक फेरी मारून या. दुकानोदुकानी पाटावर नवी वही मांडलेली दिसेल. तिच्यावर हळदकुंकू, झेंडूचे फूल, पहिल्या पानावर ‘श्री’. अलीकडे वहीशेजारी संगणक असतो आणि त्यालाही बिचाऱ्याला गंध लागते. या वहीत असते काय? गिऱ्हाइकांची नावे आणि त्यांची उधारी. कोणाचे धान अवकाळी पावसाने झोपले, कोणाच्या घरी औषधाला पैसा नव्हता, कोणी मुलीच्या लग्नासाठी हात पसरले, हे सारे तिला ठाऊक असते. दुकानदार काही संत नव्हे. तो भाव चढवील, वेळप्रसंगी मापातही मारील. पण एका गिऱ्हाइकाचे पान दुसऱ्यापुढे उघडणार नाही. वही ओट्यावर उघडी टाकून दुकानदार जेवायला गेला, असे कोणी कधी पाहिले आहे काय? वाण्याच्या अंगची ही साधी चाड आमच्या सरकारी कचेऱ्यांना साधली नाही, अशी माझी तक्रार आहे. सणासुदीला तक्रार करू नये म्हणतात. पण वहीपूजनाच्या दिवशी वहीची गोष्ट काढायची नाही, तर काढायची केव्हा?

गोष्ट २०१७ सालची आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात बंगळूरच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने एक अहवाल काढला. चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून तेरा कोटींच्या आसपास आधार क्रमांक आणि सुमारे दहा कोटी बँक खात्यांचे क्रमांक कोणालाही पाहता येतील असे पडले होते, असा त्यांचा अंदाज होता. यातली दोन स्थळे आंध्र प्रदेशाची, दोन देशभराची. देशभराच्या दोहोंपैकी एक रोजगार हमीचे आणि दुसरे वृद्ध, विधवा व अपंग यांना निवृत्तिवेतन देणाऱ्या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचे. म्हणजे गरिबांतले गरीब निवडून त्यांचीच वही कचेरीने ओट्यावर टाकली होती! कुलूप कोणी फोडले नव्हते, कारण कुलूप लावलेलेच नव्हते.

वाचकहो, हे दिल्लीचे प्रकरण म्हणून पान उलटू नका. २ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्राची रोजगार हमी देशातल्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातले बारा जिल्हे होते आणि त्या बारांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते. तलावाचे खोलीकरण, पांदण रस्ता, बांधबंदिस्ती या कामांवर ज्यांनी घमेली वाहिली, त्यांची नावे याच पटावर चढली.

आता त्याच वर्षाच्या जुलै महिन्यातली दुसरी गोष्ट ऐका. एका अनोळखी संकेतस्थळावर जिओ कंपनीच्या गिऱ्हाइकाचा दूरध्वनी क्रमांक टाकला की त्याचे नाव आणि इतर तपशील दिसू लागले. कंपनीने ही माहिती खरी वाटत नसल्याचे सांगितले. पण पोलिसांत फिर्याद मात्र गेली. महाराष्ट्राचे पोलीस कामाला लागले आणि राजस्थानातून एका तरुणाला धरून आणले. उत्तम झाले. परंतु कंपनीच्या गिऱ्हाइकांची यादी मांडणाऱ्याला शोधायला पोलीस राजस्थानपर्यंत जातात, आणि सरकारच्या गिऱ्हाइकांची, म्हणजे रयतेची, यादी मांडली जाते तेव्हा काय होते? पाने मुकाट्याने उतरवली जातात. आधार प्राधिकरणाने त्या बंगळूरच्या संस्थेलाच पत्र धाडून विचारले की ही माहिती तुम्हांला मिळाली कशी! घराला दार नाही असे ओरडून सांगणाऱ्यालाच घरमालकाने विचारावे, ‘तू आत डोकावलास कसा?’, त्यातला हा प्रकार. पुढे त्याच प्राधिकरणाने माहितीच्या अधिकारातील उत्तरात मान्य केले की केंद्राच्या व राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकांसह झळकत होत्या. वस्तुतः आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करू नये, असे २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलेले आहे.

कोणी म्हणेल, ‘अहो, पण याद्या उघड्या असाव्यात असे तुम्हीच ना म्हणत होता?’ होय, म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पटावर मेलेल्या माणसांच्या सह्या असत, परगावी गेलेली माणसे खड्डे खणत असत, आणि कागदावर खणलेल्या तलावात पावसाचा थेंबही साचत नसे. ही चोरी पट उघडे झाल्यामुळेच सापडू लागली. रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले, ते याचसाठी.

परंतु चावडी वेगळी आणि चव्हाटा वेगळा. चावडीवाचन ही आपली जुनी रीत. चावडीवर नाव वाचले की ऐकणारे गावचेच असतात. हा माणूस कामावर होता की नव्हता, हे त्यांना ठाऊक असते. खोटे निघाले तर जागच्या जागी धरता येते. तिथे वाचणारालाही लाज असते आणि ऐकणारालाही. संकेतस्थळाला भिंत नाही, वेस नाही. तिथे ऐकणारा कोण, कुठला, कशासाठी कान देतो आहे, काही कळत नाही. शिवाय चोरी पकडायला लागते काय? काम कोणते, किती दिवस, मजूर कोण, रक्कम किती. त्या मजुराचा आधार क्रमांक आणि बँकेचे खाते कळल्याने चोरी पकडणाराचा काडीचा फायदा नाही. फायदा आहे तो नव्याने चोरी करणाराचा.

ही भीती कल्पनेतली नव्हे. सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगण लागते. तिथल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८ मध्ये सिमकार्डे विकणारा एक इसम पकडला गेला. जमिनीच्या नोंदणीचे दस्त सरकारी संकेतस्थळावर होते, त्यांवर लोकांचे अंगठे होते. त्याने ते उतरवून घेतले, रबरी ठसे बनवले आणि त्या अंगठ्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. आज आमच्या खेड्यांत बँक म्हणजे गावातल्या सेवा केंद्राचे यंत्र; आधार क्रमांक सांगायचा, अंगठा टेकवायचा आणि पैसे घ्यायचे. समजा, धानोऱ्याकडच्या एखाद्या पाड्यावरच्या म्हातारीला फोन आला. पलीकडचा तिचे नाव जाणतो, गाव जाणतो, तिला विधवेचे वेतन मिळते हे जाणतो आणि खात्याचे आकडेही घडाघडा म्हणतो. ती त्याला बँकेचा साहेब नाही तर काय समजेल?

यावर शहाणे लोक एक ठेवणीतले वाक्य काढतात : ‘गरिबाला कसले आले खाजगीपण? त्याला आधी भाकर द्या.’ हे वाक्य सर्वोच्च न्यायालयातही पोचले होते. खाजगीपण हे मूठभर सुखवस्तूंचे चोचले आहेत, हा युक्तिवाद २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दिलेल्या पुट्टस्वामी निकालात फेटाळला गेला आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. मी तर म्हणतो, गरिबालाच तो अधिक हवा. श्रीमंताच्या घराला फाटक आहे, कुत्रा आहे, वकील आहे. झोपडीला ताटी आहे, तीही तुम्ही काढून नेणार? आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे दोन बंदुकांच्या मधोमध गावांनी चार दशके काढली, तिथे कोणाला सरकारचा पैसा मिळाला हे सगळ्या जगाला सांगत सुटणे म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या खुर्चीवरून कळायचे नाही.

खरी गंमत तर पुढेच आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कसूर करणाराला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारे जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम काढून टाकण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. म्हणजे चोरी म्हातारीच्या घरी आणि दंड सरकारच्या घरी! आणि याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलमही बदलले. पूर्वी एखाद्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल तर मिळत असे. आता ‘वैयक्तिक’ एवढा शिक्का मारला की नकार देता येतो. व्यापक जनहिताचे एक कलम शिल्लक आहे, पण त्यासाठी अपिलांचे उंबरे झिजवायला हवेत. ज्यांनी काल मजुराचे खाते चव्हाट्यावर मांडले, त्यांनाच आज ठेकेदाराचे बिल खाजगी वाटू लागले, तर आश्चर्य ते काय? उघडे ठेवायचे ते झाकायचे आणि झाकायचे ते उघडे टाकायचे, यालाच राज्यकारभार म्हणायचे काय?

माझे मागणे मोठे नाही. पैसा कुठे गेला, हे उघडे ठेवा : काम, रक्कम, ठेकेदार, सही करणारा साहेब, सारे. मजुराचे नाव आणि त्याचे दिवस ग्रामसभेत मोठ्याने वाचा. त्याचा आधार क्रमांक, खाते, अंगठा, जात, वैधव्य, अपंगत्व मात्र झाका. आणि कधी फुटलेच, तर ज्याचे फुटले त्याला आधी सांगा, त्याच्या गावी जाऊन, त्याला कळेल अशा गोंडीत, माडियात, मराठीत सांगा. आणि भरपाई त्याच्या हातावर ठेवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. २०११ मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचा परवानाही तिच्याच हाती आला. जिथे बांबू तोडायचा तर सगळ्या गावाला विचारतात, तिथे माणसाची कुंडली जगापुढे मांडताना त्या माणसाला एका शब्दाने विचारू नये?

यंदा वहीपूजनाला बसाल तेव्हा एवढे लक्षात असू द्या. वहीची पूजा आपण करतो, ती तिच्यातल्या आकड्यांसाठी नव्हे. कोणीतरी विश्वासाने आपले नाव तिच्यात लिहू दिले, म्हणून. रयतेने सरकारच्या वहीत नाव लिहू दिले आहे. ती वही आता ओट्यावरून उचला.