गगनयान कधी जाणार, याच्या आधीचा सवाल

२५ नोव्हेंबर २०२५ला चीनने जिउक्वान तळावरून शेन्झोऊ-२२ हे यान सोडलं. यान माणसांसाठी बनवलेलं, पण आत एकही माणूस नव्हता. आपल्याकडे ही बातमी कोपऱ्यात छापून आली आणि दोन दिवसांत विसरलीही गेली. खरं तर ती आपल्या कामाची बातमी आहे. कारण भारतही आता माणसं नेणारं गगनयान तयार करतोय आणि त्याच्या मागोमाग स्वतःचं अवकाश स्थानक जोडायला निघालाय.

झालं असं. एप्रिलमध्ये शेन्झोऊ-२० यानातून तीन चिनी अंतराळवीर त्यांच्या तियानगाँग स्थानकावर गेले होते. ५ नोव्हेंबरला त्यांना परतायचं होतं. परतीची तयारी चालू असताना यानाच्या खिडकीच्या काचेला बारीक तडे गेल्याचं लक्षात आलं. अवकाशात फिरणाऱ्या कचऱ्याचा एखादा कण आदळला असावा, असा अंदाज. परतताना यान हवेत शिरतं तेव्हा बाहेर आगीचा लोळ असतो. अशा वेळी तडा गेलेल्या काचेवर तीन माणसांचा जीव कोण टांगणार? त्यांनी परती थांबवली. १४ नोव्हेंबरला हे तिघे शेन्झोऊ-२१ मधून उतरले. पण ते यान नव्याने आलेल्या तिघांचं होतं. म्हणजे आता वर राहिलेल्या तिघांकडे घरी यायला धड यानच उरलं नाही. रिकामं शेन्झोऊ-२२ पाठवलं ते यासाठी.

५ ते २५ नोव्हेंबर, फक्त वीस दिवस. माणसांचं यान वीस दिवसांत बनत नाही, ते आधीच तयार असावं लागतं. चीनने स्थानकाची बांधणी सुरू केली तेव्हापासून हा नियम ठेवलाय की एक यान उडेल तेव्हा दुसरं तळावर तयार राहील. जून २०२२ मध्ये शेन्झोऊ-१४चे तिघे स्थानक जोडायला गेले. त्या सहा महिन्यांत वेंतियान आणि मेंगतियान हे दोन मोठे भाग येऊन जोडले गेले. तेवढा काळ शेन्झोऊ-१५ जमिनीवर मदतीसाठी तयार होतं. गरज पडली नाही. नोव्हेंबरअखेर तेच यान पुढच्या तुकडीला घेऊन गेलं. तीन वर्षं हा खर्च कुणाला फुकटचा वाटला असेल. या नोव्हेंबरमध्ये तो वसूल झाला.

अमेरिकेचा अनुभवही ताजाच आहे. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये साधारण आठ दिवसांसाठी गेले आणि २८६ दिवसांनी परतले. ज्या स्टारलायनर यानातून गेले त्यावर भरवसा उरला नाही, म्हणून ते रिकामंच खाली आणलं. मग दुसऱ्या कंपनीच्या ड्रॅगन यानात दोन जागा मोकळ्या ठेवून ते वर पाठवलं. दुसरं यान नसतं तर?

आपल्या घरांत अंतराळाची गोष्ट निघाली की पहिला सवाल ठरलेला असतो, तिथे किबला कुठे? वर्गातली मुलंही हेच विचारतात. २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकूर रमजानच्या शेवटच्या दिवसांत स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या देशातल्या उलेमांनी यासाठी रीतसर मार्गदर्शन तयार केलं होतं. जमेल तर काबाच्या दिशेने, नाही तर पृथ्वीकडे, तेही नाही जमलं तर जिकडे जमेल तिकडे. सवाल चांगलाच आहे. पण त्याच्या जोडीला दुसराही सवाल मुलांच्या तोंडी यायला हवा, की तो माणूस परत कसा येणार?

आता आपल्या गगनयानाकडे येऊ. १५ ऑगस्ट २०१८ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की २०२२ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्याच्या ७५व्या वर्षापर्यंत, भारतीय माणूस भारतीय यानातून जाईल. ते झालं नाही. आता २०२७ सांगतात. यावर व्हॉट्सअ‍ॅपवर टिंगल चालते, आणि टीव्हीवर उलट प्रत्येक चाचणीला ‘इतिहास घडला’ म्हणून ढोल वाजतात. दोन्हींत कामाची माहिती थोडीच.

तयारीत वेळ कुठे जातो, ते पॅराशूटवरून बघा. गगनयानाची जी कुपी माणसांना घेऊन समुद्रात उतरणार, तिच्यात दहा पॅराशूट आहेत. दोन लहान पॅराशूट वरचं झाकण ओढून काढतात. मग दोन पॅराशूट कुपीचं हेलकावणं थांबवून वेग कमी करतात. त्यानंतरचे तीन मोठ्या तिघांना बाहेर ओढतात आणि शेवटी हे मोठे तीन, प्रत्येकी २५ मीटर व्यासाचे, उघडतात. हे सगळं ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या क्षणी. मोठ्या तिघांपैकी दोन उघडले तरी माणसं सुखरूप उतरतील, तिसरा खबरदारीसाठी. ३ नोव्हेंबरला झाशीजवळच्या बबीना इथे एक चाचणी झाली. कुपीच्या वजनाचा बोजा विमानातून अडीच किलोमीटर उंचीवरून सोडला आणि दोन पॅराशूट मुद्दाम एकसारखे उघडू दिले नाहीत. एक आधी, एक थोडा नंतर. असं झालं तर दोऱ्या तो ताण झेलतात का, हे बघायचं होतं. झेलला. मला विचाराल तर ही चाचणी एखाद्या उपग्रहाच्या उड्डाणापेक्षा मोठी आहे, कारण काहीतरी बिघडणार असं धरूनच ती आखली होती.

आत श्वास घ्यायची हवा, तापमान, ओलावा सांभाळणारी यंत्रणा ही दुसरी अवघड गोष्ट. ती बाहेरून घ्यायचा विचार होता, पण कुणी द्यायला तयार झालं नाही, असं इस्रोचे माजी अध्यक्ष सोमनाथ यांनीच सांगितलंय. मग ती इथेच बनवायला घेतली. रॉकेटचं तसं नाही, एलव्हीएम-३ आपल्या हातातलं आहे. त्याचं विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतं, बाजूच्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमधून जातात. म्हणजे आपल्या राज्यातल्या कामगारांचा हात त्याला लागलेला आहे.

घाईने काय होतं, हे सांगायला बाहेरची उदाहरणं नकोत. १० ऑगस्ट १९७९ला एसएलव्ही-३चं पहिलं उड्डाण होतं आणि प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाणाआधी संगणकाने काम थांबवलं, काही तरी बरोबर नाही म्हणून. सोबतचे जाणकार म्हणाले, फिकीर नको, हिशेब केलाय. कलामसाहेबांनी संगणक बाजूला ठेवून रॉकेट सोडलं आणि ते बंगालच्या उपसागरात पडलं. हा किस्सा ते स्वतः सांगायचे. आपल्याकडे त्याचा पुढचा भाग जास्त सांगितला जातो, की सतीश धवन यांनी अपयश स्वतःवर घेतलं आणि १९८०च्या यशाच्या वेळी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केलं. पण संगणकाचं न ऐकण्याचा भाग मुलांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे.

कारण २१ ऑक्टोबर २०२३ला गगनयानाची पहिली उड्डाण-चाचणी होती, माणसांशिवाय. पाच सेकंद उरले असताना संगणकाने थांबवलं. या वेळी सगळे थांबले, कारण शोधलं, ते दुरुस्त केलं आणि मग सोडलं. संकटात कुपीला रॉकेटपासून ओढून दूर नेणारी यंत्रणा चालली, पॅराशूट उघडले. जून २०२५ मध्येही तेच. शुभांशू शुक्ला ज्या अमेरिकन रॉकेटमधून जाणार होते त्यात ऑक्सिजनची गळती सापडली. दुरुस्ती करून पुन्हा तपासा, असा आग्रह आपल्या पथकाने धरल्याचं अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितलं. उड्डाण दोन आठवडे पुढे गेलं. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल करायचं, हे आपल्याला मदरशापासून शिकवलेलंच आहे.

उशिरावर माझा रोख नाही, तो पुढच्या टप्प्यावर आहे. गगनयानाच्या पहिल्या फेरीत माणसं साधारण ४०० किलोमीटरवर जातील आणि तीन दिवसांत परततील. कुठल्या स्थानकाला जोडायचं नाही. पण भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवायचा आहे आणि पाच भागांचं पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत. तिथे माणसं राहू लागली की त्यांना नेणारं यान हेच त्यांची जीवनरक्षक होडी. होडीला तडा गेला तर किनाऱ्यावर दुसरी आहे का?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने या कार्यक्रमाचा निधी वाढवून २०,१९३ कोटी केला. त्यात डिसेंबर २०२८ पर्यंतच्या आठ मोहिमा आहेत. आठ ही मोहिमांची गिनती झाली. स्थानक जोडायच्या काळात तळावर एक यान आणि एक रॉकेट नुसतं राखून ठेवायचं, तर त्याचा खर्च वेगळा धरावा लागेल, आणि तो आत्ताच धरावा. नंतर हा पैसा वायफळ म्हणून पहिला कापला जातो. सरकार कोणतंही असो, रिकामं उभं असलेलं यान फोटोत छान दिसत नाही.

अजून एक खटकतं. १८ मे २०२५ला पीएसएलव्ही-सी६१ अपयशी ठरलं. त्याच्या चौकशीचा सविस्तर अहवाल लोकांसमोर आलेला नाही. ते रॉकेट गगनयानाचं नाही, मान्य. तरी माणसं पाठवणाऱ्या संस्थेला दार थोडं जास्त उघडं ठेवावं लागतं. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेत चॅलेंजर यान फुटलं, त्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती आणि शाळाशाळांत मुलं टीव्हीवर बघत होती. थंडीत रबरी कड्या दगा देतील, असं इंजिनिअरांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. ही गोष्ट जगाला कळली ती उघड चौकशी झाली म्हणून, आणि पुढच्या यानांच्या बांधणीत ती कामाला आली.

आता पुढचं उड्डाण व्योममित्रा या यंत्रमानवाला घेऊन होईल, माणसांशिवाय. मुलांसोबत ते बघायला बसाल तेव्हा धूर आणि टाळ्या संपल्या की टीव्ही बंद करू नका. शेवटपर्यंत बघा, कुपी समुद्रात पडल्यावर सरळ तरंगते का. २०२३च्या चाचणीत नौदलाला ती पाण्यात उलटी सापडली होती.