विजेरीतला नफा

काही दुखत-खुपत नसताना डॉक्टरपुढे आ वासून बसणं हा भीतीचा बाजार आहे, असं एका व्यासंगी गृहस्थांनी परवा भर सभेत ठणकावलं. मुख्य मुद्दे एवढेच: तोंडाच्या कर्करोगाची नियमित तपासणी हे धंदेवाईक खूळ आहे, त्यांचे आजोबा पंच्याऐंशी वर्षं जगले आणि शेवटपर्यंत त्यांच्या गालफडात तंबाखू होती, व्हायचं ते होतंच, आणि सरकारला इतका कळवळा असेल तर त्याने आधी गुटखा बंद करावा. टाळ्या पडल्या म्हणे. ‘हा सगळा धंदा आहे’ या वाक्याला आपल्याकडे टाळ्या पडतातच, मग विषय दुधाचा असो की देवाचा.

आजोबांचा निकाल आधी लावू. तंबाखूने चाळिशीत गेलेले आजोबा नातवाच्या भाषणात येत नाहीत, कारण त्यांना बहुधा नातू बघायलाच मिळत नाही. नशिबाबद्दल म्हणाल तर याच गृहस्थांनी मोतीबिंदू मात्र वेळच्या वेळी काढून घेतला आहे.

धंद्याचा आरोप मात्र सावकाश तपासावा असा आहे, कारण तो चक्क उफराटा आहे. या तपासणीत असतं काय? विजेरी, लाकडी पट्टी, हातमोजे आणि जेमतेम पाच मिनिटं. ओठ उलटून बघायचे, गाल बाहेर ओढून तंबाखूचा बार जिथे धरतात ती हिरडी आणि गालामधली खाच बघायची, जीभ फडक्यात धरून तिच्या दोन्ही कडा, तिच्याखालचा भाग, टाळू, आणि मान चाचपून गाठ लागते का ते. शोधायचं काय? पांढरा चट्टा, त्याहून वाईट असा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, आणि सुपारीने आतून आवळत गेलेलं तोंड, ज्यात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत. यंत्र नाही, सुई नाही, रंगीत छापील अहवाल नाही. यातून बंगला कसा बांधायचा, हे गृहस्थांनी एकदा होतकरू डॉक्टरांना समजावून सांगावंच.

बाजार बघायचाच असेल तर ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज बघा. साठ-सत्तर चाचण्या, माणूस घरी येऊन रक्त नेतो, दिवाळीत जोडप्याला सवलत. त्या ‘फुल’ बॉडीत तोंड बहुधा नसतंच. हा रोग पकडणारी रक्ताची रुळलेली चाचणी नाही. तोंड उघडूनच बघावं लागतं, आणि उघडून बघण्याचं फारसं बिल लावता येत नाही. म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही. परिणाम समोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया देशात ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के निघाले. शंभरात एखादं गिऱ्हाईक, आणि म्हणे बाजार! पैसा खर्च होतो तो दुसऱ्या टोकाला. उशिरा आलेल्याचा जबडा कापावा लागतो, पायाचं हाड काढून नवा घडवावा लागतो, मग किरणोपचार, मग केमो; घरातलं सोनं आणि शेतातला तुकडा त्यात जातो. डॉक्टर खरोखरच व्यापारी असते तर गृहस्थांच्या भाषणाचा खर्च त्यांनीच उचलला असता.

‘दुखलं की जाऊ’ म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: सुरुवातीचा चट्टा बहुधा दुखत नाही.

आता ‘आधी बंदी’. हे ‘आधी ते, मग हे’ आपल्या अंगवळणी पडलं आहे. पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की आधी खड्डे बुजवा. जणू खड्ड्यात पडणाऱ्याला डोकं नसतं.  तर महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासूनच आहे. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही तळहातावर एक केल्या की गुटखा तयार. नगरचा मावा आणि विदर्भातला खर्रा टपरीवर समोर घोटून मिळतो. मशेरी तर घरातल्या तव्यावरच भाजली जाते. तिथे काय चुलीपाशी हवालदार बसवायचा? बंदी हवीच, कडक हवी. पण वीस वर्षं बार भरलेल्या तोंडात आज जो चट्टा आहे, तो उद्याच्या बंदीने पुसला जाणार नाही.

गृहस्थांचा एक टोमणा मात्र वर्मी लागतो, तो तपासणी-शिबिरांवरचा. फलक, हारतुरे, फोटो. चट्टा सापडलेल्याच्या हातात चिठ्ठी, आणि तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढून घ्यायला त्याने मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जायचं. तो जात नाही. पण यात चूक तपासणीची की पुढे गाडी न जोडणाऱ्यांची?

राहिलं मंडन. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले पदवीधर कार्यकर्ते दर तीन वर्षांनी घरोघर जाऊन तोंडं बघत. पंधरा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तंबाखू वा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी निघाले. प्रत्येक फेरीला तोंड दाखवणाऱ्यांमध्ये घट याहून बरीच मोठी होती. निर्व्यसनी लोकांमध्ये असा फायदा दिसला नाही, हेही सांगतो, म्हणजे गृहस्थांना शोधत बसायला नको. तेव्हा आधी खाणाऱ्यांना गाठा. सरकारी सूचना तिशीनंतर पाच वर्षांतून एकदा बघा असं सांगते. रोज मळून खाणाऱ्याला हे अंतर मला फार वाटतं, त्याने वर्षातून एकदा दाखवावं. दाढ काढायला आलेल्याचं तोंड तर उघडंच असतं, दाताच्या डॉक्टरांनी तेवढ्यात गालही बघावा. आणि गावच्या उपकेंद्रात विजेरी असावी, तिच्यात सेल असावेत, ती धरणाऱ्या ताईंना चट्टा ओळखायला शिकवलेलं असावं. टेंडर काढण्याइतकीही ही खरेदी नाही. अडचण बहुधा तीच आहे.