आडनावाचा रकाना

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे लोकांच्या फॉर्ममधे लाल चांदण्या लावणं. हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं दरडावणारा कोड लिहिणं. त्यामुळे शनिवारी कर्जतला घरी आलो की आळीत कोणाचा ना कोणाचा फॉर्म वाट बघत असतोच. 'तू कंप्युटरवाला ना? एवढं भरून दे.' पॅन, पासपोर्ट, पीकविमा, सगळं भरून झालंय. पण गेल्या वर्षी आत्येबहिणीचा फॉर्म भरला आणि चांगलाच तोंडावर आपटलो.

ताई खालापूर तालुक्यातली, चौकजवळची. भावजी गोव्याचे, पेडण्याचे. त्यांच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. अशा लोकांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा दरवाजा उघडा ठेवतो. आधी वडिलांची जन्मनोंद लिस्बनमधे, मग मुलाची. लग्नानंतर भावजींनी तो मार्ग धरला. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपलं आणि भावजी डब्लिनला कामाला लागले. ताईचा पासपोर्ट मात्र भारताचाच.

आता गंमत बघा. पेडण्याचा माणूस आयर्लंडमधे 'युरोपियन नागरिक' आणि आमची ताई 'युरोपियन नागरिकाची कुटुंबीय'. अशा कुटुंबीयांसाठी युरोपियन युनियनचा २००४ सालचा निर्देश आहे, क्रमांक २००४/३८. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर रेसिडेन्स कार्डासाठी अर्ज करायचा. सरकारने ते सहा महिन्यांत द्यायचं, आणि आपल्या नागरिकांकडून तशा कागदाला जेवढे घेतात त्याहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. मुख्य म्हणजे हे कार्ड मेहेरबानी नाही, हक्क आहे. कार्ड फक्त त्या हक्काची पावती.

वाचून मी खूष झालो. म्हटलं, 'ताई, तू काळजीच करू नकोस. मी भरतो.'

आयर्लंडमधे या फॉर्मला ईयू १ म्हणतात. पहिलाच रकाना नावाचा. आपलं नाव तीन मजली, त्यांच्या रकान्यांना मजले दोन. भारतीय पासपोर्टवरही दोनच, त्यामुळे वडिलांचं नाव ताईच्या नावाला चिकटून बसलेलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. आधार लग्नानंतर बदललेलं, मधे भावजींचं नाव, शेवटी त्यांचं आडनाव. एकच बाई, कागदावर दोघी! माझ्या डोळ्यांपुढे आधारचा स्कॅन होता. मी सरळ ते नाव टाकलं. ताईला विचारलं नाही, तिने वाचलं नाही, सही केली. अर्ज परत आला.

चूक माझी होती, शंभर टक्के. पण तिचे महिने गेले. एका पाळणाघरात तिचं काम जवळपास ठरलं होतं. ते लोक म्हणाले, 'आधी कार्ड आणा.' कायद्याने हक्क होता हो, पण हक्क दाखवणार कुठे? कार्डावरच ना!

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा खरा घोळ कळला. फॉर्म विचारतो, दोघं एकत्र राहता त्याचा पुरावा काय? घराचा करार भावजींच्या नावावर. वीजबिल भावजींच्या नावावर. बँकेतलं खातंही त्यांचंच. ताई त्या घरात रोज स्वयंपाक करत होती, पण कागदावर ती तिथे नव्हतीच. लग्नाचा दाखला तरी कुठे होता? हॉलमधे चारशे पानं उठली, व्हिडिओ शूटिंग झालं, नोंदणी 'करू की' वर राहिली. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने गावातली नोंद ग्रामसेवक करतो. मग लग्नपत्रिका शोधा, भटजींना शोधा, तीन साक्षीदार गोळा करा. तो दाखला आला. पण तो झाला इथला कागद. तो परदेशात चालायला आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टील. हा अपॉस्टीलचा हेग करारही १९६१ चाच, ऑक्टोबरमधला. भारत त्यात आला २००५ मधे.

आमच्याकडे अशा वेळी 'तिकडचे लोक फार किचकट' म्हणायची पद्धत आहे. आत्याही म्हणालीच. मला पटत नाही. फॉर्मने नवीन काहीच केलं नाही. जे होतं ते दाखवलं. बाईचं नाव आपण लग्नात बदलतो आणि बिलांवर, करारांवर घालायचं मात्र विसरतो, हे काही डब्लिनच्या ऑफिसाने सुरू केलेलं नाही.

आणि हा साधा वैतागाचा प्रश्न नाही. ताईचा तिथला अख्खा हक्क 'अमक्याची बायको' या एका ओळीवर उभा आहे. उद्या ती ओळ खोडली गेली तर? त्याचंही उत्तर त्याच निर्देशात, कलम १३ मधे आहे. लग्न किमान तीन वर्षं टिकलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही राहण्याचा हक्क टिकू शकतो. छळ झाला असेल तर तीन वर्षांआधीही. अर्थात तेव्हाही पुरावे लागतात, आणि पुरावे म्हणजे पुन्हा तेच, कागदावरचं नाव. पुरुषांनी हसू नये. १९९२ मधे युरोपच्या न्यायालयात गाजलेल्या खटल्यातला सुरिंदर सिंग हा भारतीय नवरा होता. बायको ब्रिटिश, त्याचा हक्क तिच्यावरून, आणि संसार मोडल्यावर त्याला देश सोडायला सांगितलं होतं!

मी ताईला कलम १३ वाचून दाखवलं. वाटलं, चिडेल. सुखी संसारात कसला अपशकुन! ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'हे पहिल्या वेळेस का नाही वाचून दाखवलंस रे?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लोकांना 'भरून देतो' ही मदत समजत होतो. रकाना मी भरायचा, सही तिने करायची, यात तिला तिचा हक्क कळलाच नव्हता.

दुसरा फॉर्म ताईने भरला, मी फक्त व्हिडिओ कॉलवर बसून राहिलो. चार रात्री लागल्या. त्याआधी बँकेत तिचं नाव घातलं, करारावर घातलं. कार्ड आलं. पाळणाघरातली ती जागा तोवर भरली होती, दुसरीकडे काम मिळालं.

तर मंडळी, तुमच्या घरात लग्न असेल तर आहेर काहीही करा, पण त्याच आठवड्यात नोंदणी करा. पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका. आणि नवीन घराच्या पहिल्या बिलावर दोघांचं नाव येईल असं बघा. युरोपला जा नाहीतर खोपोलीत राहा, उपयोगी पडेल.

या रविवारी शेजारच्या काकू फॉर्म घेऊन आल्या. मी खुर्ची सरकवली आणि म्हटलं, 'काकू, माउस तुम्ही धरा.' अडीच तास गेले. जेवण गार झालं. असो.