सूर्य कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेव्हिस नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथील ‘व्हिलेज होम्स’ ही सुमारे २४० घरांची वसाहत १९७५ साली उभी राहू लागली. तिचे जुने रहिवासी आरंभीच्या दिवसांच्या आठवणी सांगतात: बदामाची सामायिक बाग, एकत्र राखलेले भाजीमळे, मोटारींच्या भयाविना दिवसभर बाहेर बागडणारी मुले आणि उन्हावर ऊबदार राहणारी घरे. या आठवणी मोठ्या कौतुकाने वाचल्या जातात आणि त्यांतून निष्कर्ष काढला जातो तो असा की, भली माणसे एकत्र आली म्हणून भला शेजार घडला आणि उरलेले काम सौर तंत्रज्ञानाने केले. हा निष्कर्ष सोयीचा आहे, म्हणूनच तो तपासला पाहिजे.

मायकेल व ज्युडी कॉर्बेट या दांपत्याने ही वसाहत आखली. त्यांनी आधी घरांचा नव्हे, तर जमिनीचा विचार केला. रस्ते अरुंद आणि पूर्व-पश्चिम ठेवले, त्यामुळे प्रत्येक घराला दक्षिणेचे ऊन मिळाले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, तेव्हा त्याचे किरण मोठ्या काचांतून आत शिरतात. उन्हाळ्यात तो माथ्यावर येतो, तेव्हा पुढे काढलेली वळचण त्याला बाहेरच अडवते. काँक्रीटची जमीन, काही घरांत पाण्याने भरलेले उभे नळ, दिवसाची उष्णता साठवून रात्री परत देत. छपरावर असे तो सौर बंब. आज सौर घर म्हटले की डोळ्यांपुढे येणारी वीजनिर्मितीची पॅनेल त्या काळी सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. सारी किमया दिशेची, भिंतीची आणि सावलीची होती. आपल्या जुन्या वाड्यांच्या गवंड्यांना यात नवल वाटले नसते.

परंतु दक्षिणेचे ऊन टिकते ते शेजाऱ्याने त्याच्या आड मजला चढवला नाही, झाड वाढवले नाही तरच. म्हणून शेजाऱ्याच्या उन्हावर सावली पाडू नये, हे बंधन वसाहतीच्या खरेदीपत्रांशी जोडलेल्या नियमांतच घालण्यात आले. घरांचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाच्या मधोमध सामायिक जमीन ठेवली. बागा आणि मोकळ्या जागा रहिवाशांच्या संघाच्या मालकीच्या झाल्या. पावसाचे पाणी भुयारी गटारांऐवजी उघड्या, हिरवळीच्या चरांतून जिरवण्याची योजना अधिकाऱ्यांना पसंत नव्हती. कर्ज देणाऱ्यांनाही हा सारा प्रकार विचित्र वाटला. सामायिक मालमत्ता असली की माणसांना बैठका घ्याव्या लागतात, चर साफ करावे लागतात, फळांच्या वाटणीवरून भांडावे लागते आणि पुन्हा बोलावेही लागते. शेजारधर्म तेथे स्वभावातून उगवला नाही. तो मालकीच्या रचनेतून आला.

त्याच राज्यातील सनीव्हेल गावाचे उदाहरण पाहावे. दोन स्वतंत्र भूखंड, दोन शेजारी. एकाची रेडवूडची झाडे, दुसऱ्याची सौर पॅनेल. झाडांची सावली पॅनेलांवर पडली आणि १९७८ च्या सावलीविषयक कायद्याखाली हा वाद फौजदारी न्यायालयात गेला. अखेर २००८ साली कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. ऊन तेच, राज्य तेच, पर्यावरणाची आस्था दोन्ही घरांत. फरक होता तो मालकीच्या कुंपणाचा.

तथापि व्हिलेज होम्सला समाजवादाचे बेट समजण्याचा भाबडेपणाही नको. बाग सामायिक होती, पण घर बाजारात विकाऊ होते. साऱ्यांनी मिळून लावलेल्या झाडांची सावली आणि कमी येणारे वीजबिल घराच्या किमतीत चढले आणि ती अनार्जित वाढ विकणाऱ्याच्या खिशात गेली. ही घरे आज डेव्हिसमधील महागड्या घरांत मोडतात. शासनाचे साहाय्यही मालकांपुरतेच राहिले. कॅलिफोर्नियाने १९७७ साली सौर उपकरणांच्या खर्चावर ५५ टक्के करसवलत दिली. पण जो कर भरतो आणि ज्याला छप्पर आहे त्यालाच ती लाभणार, भाडेकरूच्या पदरी काय? पुढे रेगन यांच्या कारकीर्दीत केंद्राची सवलतही १९८५ च्या अखेरीस संपू दिली गेली आणि कार्टर यांनी १९७९ साली व्हाइट हाउसवर बसवलेले सौर बंब १९८६ साली उतरवले गेले.

हा अमेरिकेचा जुना हिशेब आपल्याकडे नव्या वहीत मांडला जात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या ‘सूर्य घर’ योजनेत घरमालकाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे; अट अशी की घर स्वतःचे आणि छप्पर योग्य असावे. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी तरतूद आहे, ती अधिक कमी दराने. चाळीतील भाडेकरू या हिशेबात कोठे बसतो, याचे उत्तर कोणी देत नाही.

आणि वीज दूरच, साधा उजेडही ज्यांना मिळत नाही त्यांचे काय? मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. २०१८ साली पुढे आलेल्या पाहणीने तेथील उजेड-हवेचा अभाव आणि क्षयाचा प्रादुर्भाव यांचा संबंध दाखवला. डेव्हिसमध्ये ज्या सावलीला नियमाने बंदी होती, ती येथे नियमाने शिथिल केलेल्या अंतरामुळे पडते. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेबाबत मिळणारी ही सूट रद्द करावी, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागांत सह्या गोळा कराव्यात. सामायिक गच्चीवरील विजेत भाडेकरूचा वाटा ही दुसरी मागणी त्याच कागदावर असावी.